न झिजलेल्या पाट्याची टाकी

शांतवन मास्तर, तुझा दगड माझ्या अंगणात आडवा पडलाय, आणि त्याच्यावर बसून मी चहा पितोय. बशी ठेवलीय ती बराबर तुझं नाव येणार आहे त्या जागी. राग येत असेल तर ये आणि उठव मला.

येत नाहीस ना? मग ऐक. आपली ओळख एकवीस वर्षांची. त्यातली बारा वर्षं तू बोललास आणि मी मध्ये मध्ये तोंड घातलं, पुढची नऊ वर्षं दोघंही मुके. आता माझी पाळी. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. हा नियम गेलेल्या माणसांनीच करून ठेवला असणार, त्यांच्या फायद्याचा दिसतो. मी तो पाळणार नाही.

आणि ज्या अक्षरांनी मी तुला आज ठोकणार आहे, ती तूच शिकवलीस, हे आधीच कबूल करून टाकतो. तुझ्याआधी मी नुसता गिरवणारा. कुणीतरी दगडावर खडूनं लिहून द्यायचं आणि मी त्यावरून छिन्नी फिरवायची. एका धर्मशाळेची पाटी मी उलटी कोरली होती. तीन वर्षं लोक मान पार गुडघ्यापर्यंत वाकवून वाचायचे, आणि त्यातल्या दोघांची जुनी पाठदुखी गेली. ह्यात एक अक्षर खोटं नाही. आता मी खोटं बोलतो हे अख्ख्या जालन्याला माहीत आहे, त्याला माझा इलाज नाही.

जालना नुकताच जिल्हा झाला होता त्या साली तू पहिल्यांदा मस्तगडात माझ्या दुकानासमोर उभा राहिलास. मिशनच्या शाळेतला मास्तर, पाद्रीसाहेब गावाला गेले की ख्रिस्ती देवळात उपदेश करणारा, अंगानं काडी, आणि खांद्यावर तुझ्या बायकोचा, रूथबाईचा पाटा. पाट्याला टाकी लावून पाहिजे होती. वाटून वाटून तो आरशासारखा गुळगुळीत झाला होता, मिरची त्याच्यावरून घसरत होती. मी उखळ करत होतो.

"काय बनवून राह्यलास?" तू विचारलंस.

"खड्डा."

"म्हंजे?"

"दगड डोंगरात फुकट पडलाय, मास्तर. मी खड्डा विकतो. बाया खड्ड्यात कांडतात, दगडात न्हाई."

तू पाटा तिथेच टाकलास आणि पळत सुटलास. मला वाटलं, पाठीत विंचू चावला. अर्ध्या तासात घामानं निथळत परत आलास, हातात वाळवीनं पुठ्ठा खाल्लेलं एक इंग्रजी पुस्तक. नाव, गाव, काही शिल्लक नाही. दवाखान्यातल्या म्हाताऱ्या मिससाहेबांनी मायदेशी जाताना ते तुला दिलं होतं. त्या बाई आधी वीस वर्षं चीनमध्ये होत्या. तिथून हुसकावल्यावर सामानात बायबल, थर्मामीटर आणि हे पुस्तक एवढंच घेऊन निघाल्या होत्या. तू मधलं एक पान काढून मला मराठीत सांगितलंस. कुणी एक चिनी म्हातारा म्हणत होता की भांडं उपयोगी पडतं ते त्याच्या मोकळ्या जागेमुळं.

मी म्हणालो, "हा माणूस माझ्या दुकानावरून गेलेला आहे."

"अरे किसन, अडीच हजार वर्षं झाली त्याला!"

"मंग माझ्या खापरपणज्याच्या दुकानावरून गेला आसंल. चोरी ती चोरीच."

तू हसलास तो आवाज थेट अंबडपर्यंत गेला. त्या दिवशीपासून लोकांसमोर मी तुला 'तुम्ही' आणि दुकानामागच्या लिंबाखाली 'तू' म्हणायला लागलो. तू मात्र मला कायम 'अरे किसन'. हे ध्यानात ठेव, पुढं लागणार आहे.

बारा वर्षं, मास्तर! दर शनिवारी शाळा सुटली की तू लिंबाखाली. तू वाचायचास, मी ठोकायचो. त्या म्हाताऱ्याचा ताओ म्हणजे वाट. तिला नाव नाही, ती सगळ्यांची आई, आणि पाण्यासारखी जाऊन बसते सगळ्यात खालच्या जागी. मग तू तुमच्या शास्त्रातलं ज्ञान काढायचास. हे ज्ञान म्हणजे पाठांतर नव्हे, ती एक बाई. डोंगर व्हायच्या आधी, झरे फुटायच्या आधी ती देवापाशी होती, त्याच्या शेजारी बसून कारागिरासारखी काम करत होती.

"कारागीर?" माझा हातोडा थांबला. "मंग ती आमच्यातलीच की! तिची टाकी कोणती?"

तू त्या प्रश्नावर दोन शनिवार विचार केलास. बाकीचे मास्तर मला दोन मिनिटांत गप्प बसवायचे, तू दोन शनिवार डोकं खाजवलंस. ह्याच्याबद्दल मी तुझा ऋणी आहे. झालं, म्हणून टाकलं, आता पुन्हा म्हणणार नाही.

माझं म्हणणं साधं होतं. बाई एकच. लग्नात पोरीचं नाव बदलतात की नाही? तसं माहेरी ताओ, सासरी ज्ञान. तिकडं ओळखतात एका नावानं, इकडं हाक मारतात दुसऱ्यानं. तुला हे पटायचं नाही.

"न्हाई रे किसन. आमची बाई चौकात उभी राहून हाका मारते, भर बाजारात, या म्हणते, माझं ऐका म्हणते. तुझ्या म्हाताऱ्याची बिलकुल बोलत न्हाई. खाली बसून राहते, तहान लागंल तो येईल म्हणते. ह्या दोघी एक कशा?"

"माहेरी बोलकी पोरगी सासरी गप होती. बघितलं न्हाई का कधी?"

"रूथ तर सासरी येऊन बोलायला लागली," तू म्हणालास, आणि आपण दोघं शाळेच्या आवारातल्या तुमच्या राहत्या खोलीकडं बघून घेतलं, ऐकलं तर नाही ना.

एकदा कुंडलिकेच्या पुलावर उभे होतो. तू म्हणालास, "दोन्ही काठ एक झाले तर पुलाचं काय काम? एक करू नको. पूल राहू दे. जा-ये झाली म्हंजे झालं." मी म्हणालो, पुलाखालून पाणी दोन्ही काठांना धरून वाहतं, ते काय म्हणतं ते विचार. तू तोंड उघडलंस आणि शाळेची घंटा झाली. ते भांडण तिथंच राहिलं. उत्तर तुझ्याकडं होतं, तुझ्या डोळ्यांत दिसलं होतं मला. घेऊन गेलास. हा तुझा पहिला गुन्हा.

दुसरा गुन्हा नाताळाआधीच्या रविवारचा. पाद्रीसाहेब नव्हते. आदल्या दिवशी तू सांगून गेलास, "उद्या ये. तुझ्या म्हाताऱ्याला देवळात नेऊन बसवतो." मी आलो. बाहेरच्या पायरीवर बसलो, ती पायरी मीच बसवली होती. आतून तुझा आवाज खणखणीत. ज्ञानाबद्दल बोललास, मिससाहेबांच्या चीनबद्दल बोललास, आणि मग म्हणालास, "भावांनो आणि बहिणींनो, पोरीचं माहेरचं नाव वेगळं असतं, सासरचं वेगळं." बायका खुदकन हसल्या. बारा वर्षं जे वाक्य तुला पटत नव्हतं ते तू माझ्या खिशातून काढून आपल्या नावावर खपवलंस! मी पायरीवर बसून शिव्या देत होतो आणि छाती फुगून माझ्या सदऱ्याची दोन बटणं तुटली. एक अजून देवळाच्या आवारात सापडेल.

पण पुरुषांच्या बाजूला कुणी हसलं नव्हतं. उपासना संपली तसे पंच ओसरीवर जमले. त्यांचे मोठे एलियाभाऊ, ज्यांच्या हातात देवळाच्या किल्ल्याही होत्या आणि तुझ्या शाळेच्या खोलीच्याही. त्यांनी तुझ्या पिशवीतून पुस्तक काढलं. पानांवर चिनी चित्रं, डोंगर, धुकं, म्हशीवर बसलेला दाढीवाला.

"मास्तर, हे कुणाचं?"

तू पुस्तकाकडं पाहिलंस, एलियाभाऊंच्या कमरेच्या किल्ल्यांकडं पाहिलंस, मग माझ्याकडं.

"यांचं," म्हणालास. "अहो, तुमचंच ना हे?"

अहो. तुमचं. बारा वर्षांचं 'अरे किसन' एका दमात पुसून टाकलंस. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मला त्या दिवशी घाव मिळाला, देवपण अजून आलेलं नाही.

मी म्हणालो, "माझंच. रोज झोपताना वाचतो."

"इंग्रजी येतं व्हय रे तुला?" एलियाभाऊ.

"घरी सगळे इंग्रजीच बोलतो, भाऊ. मराठी गिऱ्हाइकापुरती ठेवलीय." आणि मी पुस्तक हातात घेऊन ऐटीत उघडलं. ती चित्रातली म्हैस पाय वर करून पडलेली दिसली तेव्हा कळलं की पुस्तक उलटं धरलंय. सगळे पोट धरधरून हसले. खोटं आहे हे सगळ्यांना कळलं होतं आणि सगळ्यांना तेच सोयीचं होतं. तुझी खोली वाचली.

तुमच्या शास्त्रात एक जण आपल्या गुरूची ओळख नाकारतो आणि कोंबडा आरवतो, ती गोष्ट तूच मला सांगितली होतीस. मी मुद्दाम कान देऊन उभा राहिलो. मस्तगडात त्या दिवशी एकही कोंबडा आरवला नाही. तुझ्या बाजूनं झाले होते साले.

हिशोब बघ कसा झाला. माझं वाक्य तू तुझं केलंस आणि तुझं पुस्तक माझं केलंस. पुस्तक माझ्याकडं आणि वाचणारा देवळाच्या पलीकडं. ते मी दुकानाच्या कोनाड्यात ठेवलं आणि वाट बघत बसलो. तू संध्याकाळी येशील. सोमवारी येशील. एवढंच म्हणशील की, अरे किसन, चुकलं. त्या तीन शब्दांसाठी मी लिंबाखाली पाणी शिंपडून ठेवत होतो. दहा महिने गेले.

आलास तेव्हा खांद्यावर पाटा.

"टाकी लावायची होती," म्हणालास आणि बसलास.

मी पाट्यावरून अंगठा फिरवला. पाथरवटाचा अंगठा आहे मास्तर हा, आंधळा झालो तरी हा बघत राहील. पाटा झिजलाच नव्हता. मी लावलेली टाकी जशीच्या तशी, एकेक खड्डा टोकदार. वाटणारीनं त्याला हात लावला नव्हता. जालन्यात तोवर घरोघरी मिक्सर घुरघुरायला लागले होते, तुझ्याही घरी आलाच असणार. मला सगळं कळलं, पाट्याचं नुसतं निमित्त होतं. न झिजलेला पाटा घेतला, तुझ्यासमोर टाकी लावली, उचलून दिला. तू कोनाड्यातल्या पुस्तकाकडं बघत होतास. मी काढून दिलं नाही. तू मागितलं नाहीस.

आणि सूड म्हणून एक गोष्ट केली, ती आज सांगतो. टाकी लावल्यावर पाट्यावर आधी कोंडा वाटून फेकून द्यायचा असतो, म्हणजे दगडाची कच निघून जाते. दर वेळी मी तो स्वतः वाटून द्यायचो. त्या वर्षापासून दिला नाही. म्हटलं, लागू दे कच दाताखाली, येऊ दे आठवण. त्या पाट्यावर कुणी काही वाटत नव्हतं हे अंगठ्याला माहीत होतं, तरीही. नऊ वर्षं मी हवेवर सूड उगवला.

दर वर्षी पावसाळा सरला की तू पाटा घेऊन हजर. बसायचास, मी ठोकायचो. त्या ठकठकीत आपण जेवढे भांडलो तेवढे पहिल्या बारा वर्षांत भांडलो नाही. मी प्रत्येक घावाला मनात म्हणायचो, बोल. तू बसून राहायचास, आणि मग पाटा उचलून शाळेच्या रस्त्याला लागायचास, वाकलेला, दर वर्षी थोडा जास्त.

पाचव्या वर्षी मला त्या दगडात शीर दिसली. केसाएवढी, आडवी. प्रत्येक टाकीला पाट्याची जाडी गव्हाच्या दाण्याएवढी कमी होत होती. आणखी चार-पाच वेळा लावली की तडकणार. सांगायला पाहिजे होतं, मास्तर, आता लावू नको. सांगितलं असतं तर पुढच्या वर्षी तू काय घेऊन आला असतास? मी गप्प राहिलो आणि हलक्या हातानं टाकी लावली. नवव्या वर्षी दिवाळीच्या आधी, तुझ्या डोळ्यांसमोर पाट्याचे दोन तुकडे झाले.

तू ते दोन्ही उचललेस. एक ह्या हातात, एक त्या हातात. माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालास, "आता?"

नऊ वर्षांत तू विचारलेला हा पहिला प्रश्न. आणि मी, ज्याच्या तोंडात अख्ख्या मस्तगडाला पुरतील एवढे शब्द आहेत, मी म्हणालो, "आता काय? नवा घे."

तू गेलास. पुन्हा आला नाहीस. होळी झाली आणि तू वारलास.

हा तुझा तिसरा गुन्हा, आणि सगळ्यात मोठा. शेवटचं वाक्य माझं ठेवून गेलास.

तुला माती दिल्यावर दोन दिवसांनी रूथबाई आली. कोरायचा मजकूर पंचांनी कागदावर लिहून दिला होता. वर क्रूस, खाली नाव, मग शास्त्रातली एक ओळ. रविवारच्या स्मरणविधीला दगड उभा पाहिजे. ती माझ्यासमोर त्याच जागी बसली जिथं तू बसायचास.

"किसनभाऊ, पाट्याचे तुकडे काय करू? एक रांजणाखाली लावलाय, दुसरा दाराला."

"ऱ्हाऊ द्या तिथंच."

"मी लई सांगितलं त्यांना. म्हटलं, मिक्सर असताना दगड कशाला वाहून राह्यले, पाठ मोडंल. तोंडानं सांगा की त्याला एकदा. तर म्हणायचे, तोंडानंच तर घात केलाय."

मी छिन्नीला धार लावत बसलो. धार होतीच. पण लावत बसलो.

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात प्रकाश पडला, मास्तर. बारा वर्षं मी त्या चिनी म्हाताऱ्याच्या बाजूनं भांडलो, न बोलणारीच्या, खाली बसून राहणारीच्या. आणि वेळ आली तेव्हा मी चौकात उभा राहून मागत होतो शब्द. तू हाका मारणारीचा उपदेशक. वेळ आली तेव्हा तू न बोलता, वाकून, वर्षाला एकदा पाटा घेऊन येऊन बसत होतास. तू माझ्या काठावर येऊन वाट बघत होतास आणि मी तुझ्या काठावर उभा राहून शिव्या देत होतो. पुलावरून दोघंही गेलो, पण एकमेकांना ओलांडून.

म्हणून काय मी तुला माफ करू? बिलकुल नाही. इतक्या स्वस्तात सुटायचं नाही.

काल एलियाभाऊ दगड बघायला आले. आता त्यांनाही कमी दिसतं. क्रूस सरळ आहे का, नावाला जागा बरोबर सोडलीय का, हातानं चाचपून बघितलं. मग हात वर गेला. दगडाच्या माथ्यावर मी उखळासारखा खड्डा घेतलाय, ओंजळभर पाणी मावेल एवढा, आतून गुळगुळीत.

"हे काय रे? हे कागदात न्हाई."

"फुलं ठेवायला, भाऊ. आजकाल मोठ्या माणसांना करतात."

"आसं? मंग माझ्या येळंला पण कर."

"तुमचा मोठा करतो," मी म्हणालो. ते खूश होऊन गेले.

तो खड्डा फुलांसाठी नाही हे तुला सांगायला नको. हा माझा सूड आहे, आणि काळ्या दगडातला आहे, तीनशे वर्षं टिकेल. मिससाहेबांचा म्हातारा आता तुझ्या डोक्यावर बसला, आणि तोही तुझ्या पंचांच्या संमतीनं! पुस्तक नाकारशील, दगड कसा नाकारणार? पाऊस पडला की पाणी साठेल, मैना, चिमण्या येतील, तुझ्या माथ्यावर पाय ठेवून पितील, आणि जाताना जे करायचं ते करतील. कर तक्रार.

आज तुझा दहावा दिवस. तुमच्यात दहावा नसतो, मला माहीत आहे. कावळा शिवण्यावरून तू माझी किती टिंगल केलीस! "मेलेल्याची इच्छा कावळ्याला कशी कळते रे? चिठ्ठी येते का?" तर सकाळी मी दगड घडीभर उभा केला आणि खड्ड्यात तांब्याभर पाणी ओतलं. धुऊन बघायला, बाकी काही नाही. लिंबावर एक कावळा येऊन बसला. मान तिरकी करून पाण्याकडं बघतोय, पण खाली येत नाही. अदबीचा, काडीसारखा, अगदी मास्तर.

रूथबाई दगड बघायला आली होती, तीही थांबली. मी इकडं तिकडं बघून हळूच म्हणालो, "रूथबाईंचं काही कमी पडू देणार न्हाई." कावळा हलला नाही. "एलियाभाऊंवर राग धरणार न्हाई." खोटं होतं, कावळ्याला कळलं. मग मी म्हणालो, "बरं, चुकलं माझं. नवा घे असं म्हणायला नको होतं. मिटलं भांडण." कावळ्यानं सरळ पाठ फिरवली.

तेव्हा मला तुझा स्वभाव आठवला.

मी आत गेलो, कोनाड्यातलं पुस्तक आणून रूथबाईच्या हातात दिलं. ती दवाखान्यात नर्स होती, इंग्रजी तिला येतं. मी ओरडून म्हणालो, "ऐक रे मास्तरा! भांडण मिटलेलं न्हाई. दर शनिवारी ह्या वाचणार आणि मी भांडणार. तुझी बाजू पण मीच मांडणार, आणि मुद्दाम लंगडी मांडणार. पुलाखालच्या पाण्यापासून सुरू करू."

रूथबाईनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती की काय ते मी बघितलं नाही, कारण कावळा तेवढ्यात सरळ खाली आला, तुझ्या माथ्यावर दोन्ही पाय रोवले आणि खड्ड्यात चोच घातली.